पोराच्या दातांना तारा लावायच्यात? आधी डॉक्टरची पाटी नीट वाचा

बीडीएस म्हणजे दातांच्या डॉक्टरची पहिली डिग्री, इंटर्नशिप धरून 5 वर्षं, त्यानंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये (तारा लावून दात सरळ करायचा विषय) 3 वर्षांचं एमडीएस, म्हणजे पुढची डिग्री, केली की ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणून पाटीवर नुसतं एमडीएस बघून थांबू नका, विषय कुठला ते विचारा कारण हिरड्यांचं, रूट कॅनलचं एमडीएस पण असतं. कीड, फिलिंग, क्लीनिंग हे नेहमीच्या डेंटिस्टकडेच करा, आणि तारा लावायच्या आधीच उरकून घ्या.

पोरगं 7 वर्षांचं झालं की एकदा दाखवून ठेवा, लगेच तारा लावतीलच असं नाही. ओपीजी एक्सरे (सगळे दात नि जबडा एकत्र दाखवणारा), दातांचं माप काहीच न घेता पहिल्याच भेटीत कोणी ब्रॅकेट (तार अडकवायचे दातांवरचे छोटे तुकडे) चिकटवायला निघालं तर सरळ उठून या. आणि तारा निघाल्यावर रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारं साधन) घालायलाच लावा, नाहीतर दात परत सरकतात!