रिवाइंडिंगच्या तारेवर आभाळ ऐकायचं असेल तर

आभाळातल्या विजांपासून रेडिओ लहरी निघतात, त्या तारेच्या वेटोळ्यात पकडून आवाज म्हणून ऐकता येतात. निपाणीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे तार घरचीच. तुम्ही २६ गेजची वाइंडिंग वायर घ्या, साधारण ३०० ग्रॅम. एक मीटर बाजूची चौकोनी लाकडी चौकट करून तिच्यावर ५० वेढे मारा. दोन्ही टोकांचं इनॅमल ब्लेडनं नीट खरवडा. हे विसरून मी अख्खी रात्र ॲम्प्लिफायरला शिव्या घातल्यात. टोकं माईकच्या ॲम्प्लिफायरला जोडा, तिथून लॅपटॉपला.

खरी डोकेदुखी लाइटच्या गुणगुणीची. ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सगळे सूर तारेत शिरतात, त्यात शेताची थ्री फेज रात्री आली की गावातले पंप सुरू. म्हणून मी तवंदी घाटाकडं, लाइनीपासून लांब जातो. चार्जर काढा, लॅपटॉप बॅटरीवर ठेवा. चौकट हळूहळू फिरवा, गुणगुण कमीत कमी होईल तिथं थांबा.

वळवाच्या दिवसांत लाह्या फुटल्यागत तडतड ऐकू येईल. त्या लांबलांबच्या विजा. रात्री त्यातल्या काही ‘टुंई’ करत खाली घसरतात, त्यांना ट्वीक म्हणतात. जमीन आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) यांच्यामध्ये उड्या मारत आलेल्या लहरी त्या. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वेळी कोणता सूर ते दाखवणारं चित्र) उघडून ट्वीकची शेपटी कुठं थांबते ते बघा. १,७०० हर्ट्झच्या आसपास असेल. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३,००,००० किलोमीटर, त्याला या आकड्याच्या दुपटीनं भागा: ८८ किलोमीटर. आयनोस्फिअरचा तळ, म्हणजे या लहरींचं छत, रात्री तेवढ्या उंचीवर असतं!

भाचा विचारतो, “मामा, ते पाखरांगत चिवचिवणारं कोरस कधी येणार?” कोरस म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात, अवकाशात तयार होणाऱ्या लहरी. इथं नाही येणार रे बाबा. पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूनं आत फेकलेले तेज इलेक्ट्रॉन पूर्वेकडं सरकत पहाटेच्या बाजूला येतात. चुंबकरेषेभोवती गिरक्या घेताना त्यांचा ताल लहरीशी जुळला की ते आपली ऊर्जा तिला देतात, ती फुगते आणि सूर सर्रकन चढतो. हे घडतं पृथ्वीच्या चार-पाच त्रिज्या लांब जाणाऱ्या रेषांवर. आपण चुंबकीय विषुववृत्ताजवळ. आपल्या जमिनीतून निघालेली रेषा थोडकी वर जाऊन लगेच दक्षिणेत उतरते.

तेव्हा कोरससाठी व्हॅन ॲलन प्रोब्ज या नासाच्या जोडयानांची रेकॉर्डिंग उतरवून घ्या. २०१२ ते २०१९ ती यानं पृथ्वीभोवतीच्या तेज कणांच्या व्हॅन ॲलन पट्ट्यांतून, म्हणजे याच भागातून फिरत होती. फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा.

ऐकण्याआधी कागदावर हिशेब करा. विषुववृत्तावर जमिनीपाशी चुंबकीय क्षेत्र साधारण ३१,००० नॅनोटेस्ला. केंद्रापासून पाच त्रिज्यांवर ते १२५ पट कमी, म्हणजे २४८. दर नॅनोटेस्लामागे इलेक्ट्रॉन सेकंदाला २८ गिरक्या घेतो, म्हणून त्याला २८ नं गुणलं की सेकंदाला ६,९४४ गिरक्या. कोरस बहुतेकदा त्याच्या निम्म्याच्या खाली आणि वर अशा सुरांच्या दोन पट्ट्यांत येतं, मध्ये ३,४७२ हर्ट्झपाशी बारीक फट. रेकॉर्डिंगमध्ये फट दिसली की उलटं चाला: तिची दुप्पट करा, २८ नं भागा. त्या वेळी यान विषुववृत्ताजवळ असेल, तर तिथलं चुंबकीय क्षेत्र अंदाजे हातात येतं.