आरव्ही रॅलीला जाताय? फिरण्याचे दिवस वेगळे ठेवा

आरव्ही म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी. आरव्ही मालकांच्या रॅलीला, म्हणजे मेळाव्याला, जायचं तर आसपासचं फिरणं कार्यक्रमांच्या मधल्या वेळात कोंबू नका. एक-दोन दिवस आधी पोहोचा किंवा नंतर थांबा. एकदा गाडी समतल करून वीज-पाणी जोडलं की ती पुन्हा हलवणं जिवावर येतं. मागे ओढून आणलेली छोटी कार नसेल, तर शेजाऱ्यांच्या गाडीत जागा मागा. रॅलीत कुणी नाही म्हणत नाही!

रॅलीच्या मैदानावर सांडपाण्याची जोडणी अनेकदा नसते. गाडीतल्या सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करून आणि स्वच्छ पाण्याची टाकी भरून या. अमेरिकेत ३० अँपिअरच्या जोडणीवर १२० व्होल्टला जेमतेम ३,६०० वॅट मिळतात, त्यामुळे एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले तर ब्रेकर पडू शकतो. आरव्हीनेच भटकणार असाल, तर छतावरच्या एसीसकट उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. कमी उंचीच्या पुलापाशी ती लगेच दिसायला हवी.