नौदलातल्या आजोबांची मुलाखत घ्यायला जाताय? मग हे वाचा

इथे अमेरिकेत पब्लिक हिस्ट्री शिकायला आलेल्या आणि येऊ घातलेल्या मुलामुलींसाठी लिहितेय. ओरल हिस्ट्रीच्या, म्हणजे लोकांच्या आठवणी मुलाखतीतून नोंदवून ठेवण्याच्या कामात मला दुसऱ्या महायुद्धातल्या एका नौसैनिक आजोबांशी बोलायला मिळालं, ते पॅसिफिकमध्ये अटॅक ट्रान्सपोर्टवर होते, म्हणजे सैनिक आणि त्यांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या होड्या घेऊन जाणारं जहाज. ही पिढी आता शंभरीच्या घरात आहे, त्यामुळे संधी मिळाली तर तयारी करूनच जा, पुन्हा भेट होईलच असं नाही.

ट्रान्सपोर्टवाले बहुतेक सुरुवातीलाच सांगतात की आम्ही नुसती माणसं नेली-आणली, लढले ते मरीन्स. तिथे थांबू नका प्लीज. "युद्धात कसं वाटायचं" असं विचारलंत की उत्तर दोन वाक्यांत आटपतं, त्यापेक्षा ड्युटी कुठे होती, वॉच म्हणजे पहाऱ्याची पाळी किती ते किती, झोपायला एकावर एक लावलेल्या बंकांपैकी कितवा, होडी पाण्यात सोडताना तुमच्या हातात काय असायचं हे विचारा. आमचे आजोबा हिगिन्स बोटीचे कॉक्सवेन, म्हणजे ती चालवणारे, 36 फुटी होडी, पुढचा रॅम्प पडला की तीसपस्तीस जण धावत उतरणार. हातात काय असायचं म्हटल्यावर त्यांनी खुर्चीतच चाक धरून दाखवलं, रॅम्प पडला तरी इंजिन पुढेच रेटत ठेवायचं, नाहीतर लाट होडी आडवी करते आणि ती वाळूत रुतली की मागच्यांना जागाच राहत नाही. जहाजावरून जाळीने उतरणाऱ्या पोरांना ते ओरडून सांगायचे, उभे दोर धरा, आडवा धरलात तर वरच्याचा बूट बोटांवर पडेल. हे बोलताना त्यांचा आवाज खरंच चढला होता. अशी माहिती कुठल्याही फाइलमध्ये सापडत नाही, म्हणून तर आपण जायचं.

जाण्याआधी जहाजाचा वर्ग बघून ठेवा. त्यांचं हॅस्केल वर्गातलं, व्हिक्टरी मालवाहू जहाजाच्या डिझाइनवर बांधलेलं. माल भरण्याचा नियमही माहीत असू द्या, किनाऱ्यावर जे सगळ्यात आधी लागणार ते सगळ्यात शेवटी भरायचं. त्यावर एक प्रश्न विचारला की समोरच्याला कळतं ही मुलगी अभ्यास करून आलीये, आणि मग माणूस मोकळा होतो. परतीच्या फेरीत त्याच होड्यांतून जखमी यायचे, तो विषय मात्र त्यांनी काढला तरच पुढे न्या.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. डेक लॉग (जहाजाची रोजची नोंदवही) आणि मस्टर रोल (जहाजावरच्यांची हजेरी-यादी) नॅशनल अर्काइव्हजकडे असतात, बरंचसं ऑनलाइन आलंय. मस्टर रोलमध्ये अधिकाऱ्यांची नावं शोधत बसू नका, तो खलाशांचा असतो. सेंट लुईसला सैनिकांच्या फाइल्स ठेवतात त्या केंद्राला 1973 साली आग लागली त्यात आर्मी आणि एअर फोर्सच्या लाखो फाइल्स गेल्या, नौदलाच्या वाचल्या, त्यामुळे "सगळं जळालं" असं कुणी म्हटलं तरी अर्ज कराच. आणि लॉगमध्ये चार-चार तासांच्या वॉचच्या कोरड्या नोंदी असतात, जहाज कुठे होतं ते कळतं पण त्यावरचा माणूस कुठे उभा होता ते नाही. आजोबांनी ओकिनावा बेटावर सैन्य उतरल्याची तारीख मागेपुढे सांगितली तर मध्येच दुरुस्त करू नका, 1 एप्रिल 1945 आपल्याला कुठेही मिळते, त्यांची तुटलेली लिंक परत मिळत नाही.

युद्ध संपलं की रेकॉर्डर बंद करायची घाई नको. मॅजिक कार्पेट मोहिमेत यातलीच कित्येक जहाजं सैनिकांना घरी आणत होती, मग जीआय बिलवर (युद्धावरून परतलेल्यांना मदत देणारा कायदा) शिक्षण, नोकरी, लग्न, रात्रीची झोप, हेही आयुष्यच आहे ना, आणि मला तर तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्टला, म्हणजे माजी सैनिकांच्या आठवणी जपणाऱ्या संग्रहाला द्यायचं असेल तर मुलाखत निदान 30 मिनिटांची लागते. कॉपी आधी घरच्यांना द्या. आणि आजोबा हयात नसतील तरी घरातली मूळ पत्रं, फोटो, डायरी तिथे देता येतात, तेव्हा त्यांच्या मुलांशी आजच बोला.