जात पडताळणीसाठी जुने कागद काढायला निघण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागला की तहसीलच्या व्हरांड्यात उभं राहायला जागा उरत नाही. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला जात पडताळणी समितीकडून तपासून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी घराण्याचे जुने कागद लागतात. ब्रह्मपुरी हे कॉलेजचं गाव. नागभीड, सिंदेवाही, लाखांदूर, आरमोरीकडची पोरं इथं खोली करून शिकतात. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, आणि जून उजाडला की पुस्तकापेक्षा कागदाची विचारणा जास्त होते. "मॅडम, आजोबांचा कागद आणायला सांगितलाय." कोणता कागद, कोणत्या सालचा, कोणत्या ऑफिसातून, हे त्या पोराला कोणीच सांगितलेलं नसतं. म्हणून ही तयारी लिहून ठेवते. जूनमध्ये ती जमत नाही. अकरावीच्या हिवाळ्यात, धानाचं चुरणं आटोपलं आणि घरची माणसं जरा मोकळी झाली, की सुरुवात करा.

पहिलं काम घरातच आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. वहीचं एक पान घ्या आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. बहुतेक घरांत ती आजी असते, नाहीतर बाबांची आत्या. तुमच्यापासून वर बाबा, आजोबा, पणजोबा, आणि बाजूला काका, चुलत आजोबा, आत्या, अशी वंशावळ उतरवून घ्या. नातं सहसा वडिलांकडचंच धरतात, त्यामुळे मामाकडचे कागद कितीही जुने असले तरी इथं उपयोगी पडत नाहीत. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: कोणत्या गावात जन्म, कोणत्या शाळेत गेला, शेती कोणत्या मौजात, म्हणजे महसुली गावात, होती. घरात हाक मारायचं नाव वेगळं असेल तर तेही लिहा, कारण जुन्या नोंदीत तेच सापडतं. आणि याच बैठकीत विचारा, काका-आत्यांपैकी कोणाची व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी, आधी झाली आहे का. झाली असेल तर तिची प्रत मागून घ्या, तुमचं अर्धं ओझं तिथंच उतरलं.

मग साल ठरवा. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. या तारखेच्या आधीचा, जात आणि राहण्याचं ठिकाण दाखवणारा कागद शोधायचा आहे. तारीख पाठ करा. बाबांची 1985 ची टीसी घेऊन दोन महिने फिरलेली मुलं मी पाहिली आहेत.

साल ठरलं की त्या सालात तुमचं गाव कोणत्या राज्यात, कोणत्या जिल्ह्यात होतं ते काढा. आपल्या विदर्भात याच्याइतकी घोळाची जागा दुसरी नाही. 1950 ते 1956 आपण मध्यप्रदेशात होतो, राजधानी नागपूर. त्या काळच्या कागदावर मध्यप्रदेश दिसलं तर घाबरू नका, कागद आपलाच आहे. 1956 ला मुंबई राज्य आलं, 1 मे 1960 ला महाराष्ट्र. जुन्या कागदावरचा चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. गडचिरोली जिल्हा 1982 ला चंद्रपुरातून निघाला, वाशीम 1998 ला अकोल्यातून, गोंदिया 1999 ला भंडाऱ्यातून. राजुऱ्याकडचं गाव असेल तर आणखी मागे जावं लागतं, तो भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. म्हणून आज गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथं नोंद मिळाली नाही तर जुन्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातही विचारायचं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी आम्ही एकाच ऑफिसात तीनदा गेलो. तिन्ही वेळा खिडकीतून "इथं नाही" एवढंच ऐकून परत आलो. लेखी अर्ज द्यायचं आम्हाला सुचलं नाही, आणि आमचं गाव पूर्वी दुसऱ्या तालुक्यात होतं हेही कोणी सांगितलं नाही. त्या वर्षी तिची नर्सिंगची सीट गेली. नोंद पुढच्या फेब्रुवारीत सापडली, दुसऱ्या तहसिलीत, अवघ्या एका दिवसात.

कागदांत सगळ्यात सोपा म्हणजे शाळेचा दाखल खारीज, म्हणजे मूल शाळेत कधी आलं आणि कधी गेलं याचं रजिस्टर. आजोबा चौथीपर्यंत जरी शिकले असतील तरी त्यांचं नाव, जन्मतारीख आणि बऱ्याचदा जात या रजिस्टरात असते. 1962 च्या आधीच्या शाळा बऱ्याच ठिकाणी जनपद सभेच्या होत्या, पुढे त्या जिल्हा परिषदेकडे आल्या. तेव्हा जुन्या टीसीवर जनपद सभा लिहिलेलं असलं तरी आज जायचं ते गावच्या जिल्हा परिषद शाळेतच. शाळा बंद पडली असेल तर रजिस्टर कुठे गेलं ते केंद्रप्रमुखांना किंवा पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात विचारा. मुख्याध्यापकांकडून उतारा घेताना रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स साक्षांकित करून मागा. नुसत्या टाइप केलेल्या उताऱ्यावर पुढे शंका निघते.

आजोबा शाळेत गेलेच नसतील तर कोतवाल बुक. आता जन्माची नोंद ग्रामपंचायतीत होते, पण पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यू सांगायचा आणि ते वहीत चढायचं. या वह्या तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात, पश्चिमेकडे वऱ्हाडात याला गाव नमुना 14 असंही म्हणतात. बहिणीसाठी सापडलेलं पान मी हातात धरलं होतं, म्हणून सांगते, त्यात काय दिसतं. कापडात बांधलेला बस्ता सोडला की आधी धूळ उडते. पान तपकिरी, कडा विरलेल्या, बोट लावलं तर तुकडा हातात येईल असं. शाई फिकी, पण अक्षर नेटकं. आजोबांचं नाव मी वरून खाली शोधत होते आणि ते कुठेच नव्हतं. रेकॉर्ड कीपर म्हणाले, "बाई, पोराचं नाव नाही राहत यात. बारशाच्या आधीच नोंद झाली असते. बापाचं नाव पाहा." आणि खरंच, पणजोबांचं नाव, पुढे जात, पुढे फक्त 'मुलगा', आणि तारीख. आजोबांचा जन्म एका शब्दात.

म्हणून कोतवाल बुकात बापाच्या नावानं शोधा, आणि तो मुलगा म्हणजेच आपले आजोबा हे वंशावळीवरून आणि शाळेतल्या जन्मतारखेवरून जुळवा. तारखा तंतोतंत जुळत नाहीत, गुरुजींनी अंदाजानं लिहिलेली तारीख असायची, ते समितीलाही माहीत असतं. आडनाव सहसा नसतं, 'वल्द' लिहून बापाचं नाव येतं. साकिन म्हणजे राहणार, बेवा म्हणजे विधवा. जातीचं नावही एकाच घरात वेगवेगळं भेटतं, कुठे ढिवर, कुठे धीवर, कुठे भोई. असा फरक दिसला तर लपवू नका, सगळे कागद जोडा आणि प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहा. वही मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं, त्याला वेळ धरून ठेवा.

जमिनीचे कागद तिसरे. बंदोबस्ताची मिसल (जमिनीच्या जुन्या मोजणी-आकारणीची नोंद), अधिकार अभिलेख (जमीन कोणाच्या हक्काची याची नोंद), खसरा (शेताच्या नंबरवार नोंद), जुने फेरफार. सातबाऱ्यावर जात नसते, पण त्या काळात माणूस त्या गावचा होता हे या कागदांनी सिद्ध होतं. पटवाऱ्याला, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, मौजा आणि पटवारी हलका, म्हणजे त्याच्याकडच्या गावांचा गट, याचा नंबर विचारून घ्या. तो नंबर अर्जात असला की बस्ता लवकर निघतो.

आता अर्ज. 'माझ्या आजोबांचे सर्व जुने कागद मिळावेत' असं लिहिलं की तो अर्ज पडून राहतो, आणि त्यात एकट्या बाबूचा दोष नाही, कारण त्याला कोणता बस्ता काढायचा तेच कळत नाही. मौजा, तेव्हाचा तालुका, कोतवाल बुक, सन 1940 ते 1946, बापाचं नाव, एवढं लिहा. कोर्ट फीचं तिकीट लावा, ओळखपत्राची झेरॉक्स जोडा, अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसरी प्रत म्हणजे तुमची ओसी, ऑफिस कॉपी. तिच्यावर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "ठेवून जा, होऊन जाईल" म्हटलं तरी नम्रपणे उभं राहा.

नोंद नाही असं सांगितलं तर तेच लेखी मागा. 'अभिलेख आढळून येत नाही' असं पत्र घेऊन पुढच्या ऑफिसात किंवा समितीसमोर जाता येतं. वही जीर्ण झाली, नष्ट केली, असं उत्तर आलं तर ती कोणत्या वर्गातली होती आणि नष्ट केल्याची नोंद कुठे आहे ते विचारा. महसुली अभिलेखात अ वर्ग कायम ठेवायचा असतो, ब वर्ग 30 वर्षं.

माहितीचा अधिकार नकलेच्या अर्जाचं उत्तर येईनासं झालं की वापरा, आधी नको. साधी नक्कल बहुतेक वेळा त्याआधी मिळते. अर्ज जोडपत्र अ मध्ये, 10 रुपयांचं तिकीट, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांत. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर प्रत जोडा, फी लागत नाही. का दिलं नाही असं विचारू नका, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरची टिप्पणी आणि कार्यवाहीची प्रत मागा. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. न आल्यास त्याच ऑफिसातल्या वरिष्ठांकडे, म्हणजे प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचं तिकीट लावून. त्यानंतर 90 दिवसांत दुसरं अपील, आपल्यासाठी राज्य माहिती आयोगाच्या नागपूर किंवा अमरावती खंडपीठाकडे.

आणखी एक सोय फार थोड्यांना ठाऊक आहे. 2018 च्या शासन आदेशाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहायला मिळायला हवेत. आपण बसून वही चाळली की बापाचं नाव आपल्यालाच आधी ओळखू येतं. जाताना वंशावळीचं पान, वही, पेन्सिल आणि भिंग न्या. आजीला न्यायला जमलं तर न्याच. मोबाइलनं फोटो काढण्याआधी विचारा.

नक्कल हाती आली की खिडकीतच उभं राहून पाहा: गोल शिक्का, सही, तारीख, पानाचा नंबर, आणि नाव मूळ वहीप्रमाणेच उतरलंय का. चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या, घरी गेल्यावर नवा अर्ज लागतो. मग पाच झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून घरच्या पेटीत ठेवा. पाकिटावर मौजा, तालुका, साल आणि पान नंबर लिहा. धाकट्या भावाला आणि चुलत बहिणीला तेच पान लागणार आहे.