एच-१बी विधेयकाची बातमी वाचताना या चुका टाळा

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, आयोवाचे चक ग्रासली आणि इलिनॉयचे डिक डर्बिन यांनी एच-१बी (कुशल परदेशी कर्मचाऱ्यांचा) आणि एल-१ (कंपनीच्याच परदेशातून बदली झालेल्या कर्मचाऱ्यांचा) या व्हिसांत सुधारणा करणारे विधेयक मांडले, आणि एकदोन दिवसांत त्याची बातमी पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंतच्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘एच-१बी बंद होणार’ अशा मथळ्याखाली फिरू लागली. हे विधेयक पहिल्यांदा आले ते २००७ मध्ये. त्यानंतर थोड्याफार फरकाने ते अनेकदा मांडले गेले आणि २००७ पासूनच्या त्याच्या एकाही आवृत्तीचा त्या रूपात कायदा झाला नाही. म्हणून ते दुर्लक्षून चालेल असेही नाही. अमेरिकी खासदाराच्या नावावरचे विधेयक वाचण्याची एक पद्धत आहे आणि ती माहीत नसली की माणूस एकतर विनाकारण घाबरतो किंवा नको तेव्हा निर्धास्त राहतो.

आयोवाच्या शेतकरी सिनेटरचा आपल्याशी काय संबंध, असे समजणे

आयोवा हे मका, सोयाबीन आणि वराहपालनाचे राज्य आहे. तिथली लोकसंख्या सुमारे ३२ लाख, तर डुकरांची संख्या दोन कोटींच्या वर. अशा राज्याच्या सिनेटरला हिंजवडीतल्या अभियंत्याच्या व्हिसाविषयी बोलण्याचा अधिकार किती, हा प्रश्न मराठी वाचकाला पडतो, कारण आपल्या राज्यसभेत जागा ढोबळमानाने लोकसंख्येनुसार ठरतात. अमेरिकी सिनेटमध्ये तसे नाही. जवळपास चार कोटी लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियाला दोन जागा आणि आयोवालाही दोनच. त्यात ग्रासली १९८१ पासून सिनेटमध्ये आहेत आणि २०२५ मध्ये ते पुन्हा न्यायविषयक समितीचे अध्यक्ष झाले. स्थलांतराची विधेयके याच समितीकडे जातात. त्यामुळे प्रस्तावकाचे राज्य छोटे आहे की मोठे यापेक्षा त्याच्याकडे कोणती समिती आहे, हे आधी पाहावे.

मांडलेल्या विधेयकाला मंजुरीच्या वाटेवरचे समजणे

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, आणि त्याचे मूळ आपल्या संसदेच्या सवयीत आहे. भारतात मंत्र्याने मांडलेले शासकीय विधेयक बहुमताच्या जोरावर बहुधा मंजूर होते, आणि खासदाराने व्यक्तिशः मांडलेले अशासकीय विधेयक जवळपास कधीच होत नाही. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयके कायदा बनली आणि त्यातले शेवटचे १९७० मध्ये. अमेरिकेत ही विभागणीच नाही. तिथे मंत्री सभागृहाचा सदस्य नसतो, राष्ट्राध्यक्षाला हवे असलेले विधेयकदेखील कोणत्यातरी सदस्यालाच मांडावे लागते, आणि म्हणून गंभीरपणे पुढे रेटायचे विधेयक व निव्वळ मतदारसंघाला दाखवण्यासाठी मांडलेले विधेयक कागदावर अगदी सारखे दिसते. काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद, आणि तिच्या दोन वर्षांच्या प्रत्येक कार्यकाळालाही काँग्रेसच म्हणतात. अशा एका काँग्रेसमध्ये दहा हजारांहून अधिक विधेयके मांडली जातात आणि कायदे होतात ते काहीशे.

काँग्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावर विधेयकाच्या पानावर ‘शेवटची कार्यवाही’ अशी एक ओळ असते. सिनेटच्या नव्या विधेयकापुढे तिथे बहुधा ‘दोनदा वाचून समितीकडे सोपवले’ असे लिहिलेले आढळते. आपल्याकडे दुसरे वाचन म्हणजे कलमवार चर्चा, त्यामुळे ही ओळ वाचून अर्धेअधिक काम उरकले, असा समज होतो. प्रत्यक्षात ती मांडणीच्या दिवशीची निव्वळ औपचारिकता असते. कोणी काही वाचलेले नसते आणि चर्चाही झालेली नसते. समितीने मतदान करून विधेयक सभागृहाकडे परत पाठवले, तर ती पहिली खरी पायरी. त्यानंतर येणारी ‘कामकाजाच्या सूचीवर ठेवले’ ही ओळदेखील तारीख ठरल्याची खूण नाही. त्या सूचीवर विधेयके महिनोन्‌महिने पडून राहतात, कारण सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदानाकडे जाण्यासाठी सर्वसाधारणपणे १०० पैकी ६० मते लागतात.

क्रमांक लक्षात ठेवणे, पण काँग्रेसचा क्रम विसरणे

विधेयकांचे क्रमांक दर दोन वर्षांनी पुन्हा एकपासून सुरू होतात. ११९ वी काँग्रेस ३ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाली आणि ३ जानेवारी २०२७ रोजी संपते. त्या दिवशी दोन्ही सभागृहांतली सर्व प्रलंबित विधेयके व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, होतात. राज्यसभेत प्रलंबित असलेले आणि लोकसभेने मंजूर न केलेले विधेयक लोकसभा विसर्जित झाली तरी जिवंत राहते, तशी सवलत सिनेटला नाही. त्यामुळे जुन्या क्रमांकाने शोध घेतला की भलतेच विधेयक हाती लागते, आणि २०१७ ची बातमी २०२५ ची म्हणून पुढे ढकलली जाते.

प्रस्तावकाच्या नावावरून कायद्याचा माग काढणे

एका विधेयकाला एकच प्रस्तावक असतो, बाकीचे सहप्रस्तावक. ग्रासली आणि डर्बिन यांच्या बाबतीत ही जागा बदलत राहिली आहे. २००७ च्या विधेयकाचे प्रस्तावक डर्बिन होते, २०१७ च्या विधेयकाचे ग्रासली. केवळ एका नावाने यादी काढणाऱ्याला त्यामुळे अर्धा इतिहास दिसतच नाही.

याहून मोठी फसगत वाहक विधेयकांमुळे होते. सिनेटमध्ये एखाद्या विधेयकाचा संपूर्ण मजकूर काढून त्या जागी दुसराच घालता येतो, आणि क्रमांक व प्रस्तावक मात्र नोंदीत जुनेच राहतात. तुरुंग आणि शिक्षापद्धतीत मोठा बदल करणारा ‘फर्स्ट स्टेप’ कायदा २१ डिसेंबर २०१८ रोजी अमलात आला. न्यायविषयक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष या नात्याने ग्रासली यांनी शिक्षासुधारणेसाठी अनेक वर्षे खटपट केली होती, स्वतःचे वेगळे विधेयकही समितीतून मंजूर करून घेतले होते. पण त्या कायद्याच्या अधिकृत नोंदीत प्रस्तावक म्हणून नाव दिसते ते अलास्काचे डॅन सुलिव्हन यांचे, कारण ज्या विधेयकाच्या पोटात तो मजकूर घातला गेला ते मुळात समुद्रातल्या कचऱ्याविषयीचे होते आणि ते सुलिव्हन यांनी २०१७ मध्ये मांडले होते. समुद्राच्या कचऱ्याचा कायदा तोवर दुसऱ्या क्रमांकाने आधीच मंजूर झाला होता, त्यामुळे हे कवच रिकामेच होते. नावावरून माग काढणारा माणूस इथे हमखास चुकतो.

याची उलट बाजूही लक्षात घ्यावी. विधेयक मेले म्हणून त्यातली कल्पना मेली, असे होत नाही. ग्रासली आणि ओरेगनचे रॉन वायडन यांनी औषधांच्या किमतींविषयीचे विधेयक २०१९ मध्ये सिनेटच्या वित्त समितीतून १९ विरुद्ध ९ मतांनी मंजूर करून घेतले, पण ते सभागृहासमोर कधी आलेच नाही. त्यातली महत्त्वाची कल्पना अशी की महागाईच्या दरापेक्षा जास्त किंमत वाढवणाऱ्या औषध कंपन्यांकडून सरकारी आरोग्यविम्याला फरकाची परतफेड करून घ्यावी. ही कल्पना २०२२ च्या महागाईविरोधी कायद्यात दाखल झाली, आणि त्या कायद्याविरुद्ध मत देणाऱ्यांत स्वतः ग्रासली होते.

एच-१बीच्या बाबतीतही हेच घडत आले आहे. स्वतंत्र विधेयके समितीत अडली, पण २००९ च्या आर्थिक उत्तेजन कायद्यात ग्रासली आणि व्हरमॉन्टचे बर्नी सँडर्स यांची दुरुस्ती घातली गेली आणि सरकारी मदत घेतलेल्या बँकांवर एच-१बी नेमणुकांसाठी कडक अटी आल्या. डिसेंबर २०१५ मध्ये ज्या कंपन्यांचे अर्ध्याहून अधिक कर्मचारी या व्हिसांवर आहेत त्यांच्यावरचे जादा शुल्क एच-१बीसाठी ४,००० आणि एल-१साठी ४,५०० डॉलर केले गेले, तेही सर्वसाधारण खर्चमंजुरीच्या जाडजूड कायद्यातून. त्यामुळे ग्रासली यांच्या विधेयकाचे पान रोज उघडून पाहण्यापेक्षा वर्षअखेरीच्या खर्चविधेयकात काय शिरते आहे याकडे लक्ष ठेवणे, माझ्या मते, अधिक शहाणपणाचे.

सहप्रस्तावकांची संख्या मतांसारखी मोजणे

कॅन्ससचे प्रतिनिधी केविन योडर यांनी ग्रीन कार्डावरची (कायम वास्तव्याच्या परवान्यावरची) देशनिहाय ७ टक्के मर्यादा काढण्याचे विधेयक ११५ व्या काँग्रेसमध्ये पुढे नेले, तेव्हा ४३५ सदस्यांच्या प्रतिनिधिगृहात, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, त्याला तीनशेहून अधिक सहप्रस्तावक होते. भारतीय समाजात मोठी आशा निर्माण झाली होती. त्या विधेयकावर सभागृहात मतदानच झाले नाही आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये योडर स्वतःची जागाही हरले. सहप्रस्तावक होणे म्हणजे पाठिंब्याची सही. विधेयक पटलावर कधी आणायचे हे नेतृत्व ठरवते.

पुढच्या काँग्रेसमध्ये हाच विषय आणखी पुढे गेला. प्रतिनिधिगृहाने १० जुलै २०१९ रोजी तो ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केला. सिनेटमध्ये युटाचे माइक ली यांचे समांतर विधेयक होते. ग्रासली यांच्या आग्रहावरून त्यात एच-१बी नियोक्त्यांवरच्या अटी घालण्यात आल्या, आणि बऱ्याच अडवणुकीनंतर २ डिसेंबर २०२० रोजी सिनेटने ते एकमताने मंजूर केले. दोन्ही सभागृहांनी मंजूर केले, आता फक्त सहीच बाकी, असे समजून अनेकांनी एकमेकांना अभिनंदनाचे निरोप पाठवले. पण दोन्ही मजकूर वेगळे होते. अक्षरशः तोच मजकूर दोन्हीकडे मंजूर झाल्याशिवाय विधेयक राष्ट्राध्यक्षांकडे जात नाही. तो मेळ बसला नाही आणि ३ जानेवारी २०२१ रोजी काँग्रेससोबत दोन्ही विधेयके संपली. अशा वेळी त्या पानावरचा ‘संबंधित विधेयके’ हा भाग उघडून दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

विधेयक आणि उद्घोषणा यांची गल्लत करणे

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये गोंधळ वाढण्याचे कारण वेळेचे होते. १९ सप्टेंबर रोजी राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलर भरण्याची अट घालणारी उद्घोषणा काढली आणि ती २१ तारखेपासून लागू झाली. ग्रासली-डर्बिन विधेयक त्यानंतर काही दिवसांनी आले. पहिली गोष्ट कार्यकारी अधिकारातली, ताबडतोब लागू होणारी आणि न्यायालयात आव्हान देता येण्याजोगी. दुसरी केवळ प्रस्ताव. एच-१बीधारकांच्या जोडीदारांना मिळणारा कामाचा परवाना हा तिसरा प्रकार आहे, कारण तो २०१५ च्या प्रशासकीय नियमातून आलेला असल्यामुळे नियम बदलूनही काढता येतो. बातमी हाती आली की आधी विचारावे : हे कोणी केले, काँग्रेसने, राष्ट्राध्यक्षांनी की खात्याने?

मथळा वाचून मजकूर सोडून देणे

ग्रासली-डर्बिन विधेयक एच-१बी बंद करत नाही. त्याचा रोख तीन गोष्टींवर आहे : वेतनाची पातळी वाढवणे, जागा भरण्याआधी ती श्रम खात्याच्या संकेतस्थळावर जाहीर करणे, आणि व्हिसा सोडतीने वाटण्याऐवजी प्राधान्यक्रम लावून अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण घेतलेल्यांना पुढे ठेवणे. याशिवाय ५० हून अधिक कर्मचारी असलेल्या आणि त्यातले निम्म्याहून जास्त एच-१बी किंवा एल-१ वर असलेल्या कंपन्यांना आणखी एच-१बी कर्मचारी घेण्यास त्यात मनाई सुचवली आहे. म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठात एमएस करणाऱ्या नागपूरच्या मुलीला यातून कदाचित फायदाच होईल, आणि पुण्याहून सेवाकंपनीमार्फत ग्राहकाच्या कार्यालयात जाणाऱ्या अभियंत्याची वाट अडेल. दोघांनी एकाच मथळ्याने घाबरण्याचे कारण नाही. मजकूर उघडताना तो मांडलेल्या स्वरूपातला आहे की समितीने दुरुस्त केलेला, हेही पाहावे, कारण संकेतस्थळावर दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात आणि बातम्या बहुधा पहिल्याच आवृत्तीवर लिहिलेल्या असतात.

सही झाली की लगेच अंमल, असे गृहीत धरणे

डॉक्टरच्या चिठ्ठीविना श्रवणयंत्र विकत घेता यावे यासाठीचे विधेयक मॅसॅच्युसेट्सच्या एलिझाबेथ वॉरन यांनी ग्रासली यांच्यासोबत मांडले होते. ऑगस्ट २०१७ मध्ये ते अन्न व औषध प्रशासनाच्या मोठ्या कायद्याचा भाग म्हणून मंजूर झाले, पण अंतिम नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आले आणि विक्री १७ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली. दुसऱ्या टोकाला, २००९ ची बँकांवरची ती एच-१बी दुरुस्ती लगेच लागू झाली, पण तिला दोन वर्षांची मुदत होती आणि फेब्रुवारी २०११ मध्ये ती आपोआप संपली. तेव्हा कायद्याच्या शेवटच्या कलमांतली ‘लागू होण्याची तारीख’ आणि ‘मुदत’ ही दोन्ही वाक्ये आधी शोधावीत, आणि ज्या तरतुदीपुढे ‘खात्याने नियम करावेत’ असे लिहिलेले आढळेल तिथे नियमाचा मसुदा प्रसिद्ध झाला आहे का, हे संघीय राजपत्रात पाहावे.