‘आपल्याला नाही जमत’ हे डोक्यातून काढायला कोच लावताय? मग या चुका टाळा

ठाण्याच्या नौपाड्यात बसून लाइफ कोचिंग करते, म्हणजे ‘आपल्याला नाही जमत’ अशा समजुतींवर माणसांसोबत काम करते. घोडबंदरपासून ऐरोली-वाशीपर्यंतची माणसं येतात. वाक्यं प्रत्येकाची वेगळी. ‘मराठी मिडीयमचा आहे, मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही’, ‘आपल्या घरात धंदा कोणालाच जमला नाही’, ‘पस्तिशीनंतर काय नवीन शिकणार’. चुका मात्र त्याच त्याच, आणि त्यात लोकांचे पैसे नि उमेद दोन्ही जातात म्हणून लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अफर्मेशनवर, म्हणजे स्वतःबद्दलची छान वाक्यं रोज घोकण्यावर, सगळी भिस्त ठेवणं. कळव्याच्या एक ताई आल्या होत्या, मोदक, पुरणपोळ्या, दिवाळीचा फराळ करतात, हाताला चव अशी की ऑर्डर कमी पडत नाही. त्याआधी कुठल्यातरी हॉटेलच्या हॉलमधलं दोन दिवसांचं वर्कशॉप करून आल्या होत्या, तिथे सांगितलं म्हणून आरशावर, फ्रीजवर चिठ्ठ्या लावलेल्या, ‘मी यशस्वी उद्योजिका आहे’, रोज सकाळी मोठ्याने म्हणायच्या. आणि उधारीची वही? मागच्या दिवाळीचे पैसे अजून यायचे होते. मी म्हटलं, पैसे मागताना काय मेसेज करता ते दाखवा. मेसेज होता, ‘काकू, जमलं की द्या हं, काही घाई नाही.’ आता असा मेसेज आल्यावर कोण देणार!

विचारलं, सरळ मागितले तर काय होईल असं वाटतं? म्हणाल्या, सोसायटीत नाव खराब होईल, ऑर्डर बंद होतील. तेच तारीख टाकून वहीत लिहायला लावलं. मग सगळ्यात छोटी उधारी निवडली आणि तिथेच बसून मेसेज केला, ‘काकू, फराळाचे ८५० राहिलेत, आज जीपे कराल का?’ संध्याकाळी पैसे आले, वर ‘अगं विसरलेच होते, आधी नाही का सांगायचंस’. पुढे एका बाईंनी खरंच वाद घातला आणि ऑर्डर बंद केली, तेही लिहून ठेवलं, कारण पानावर फक्त सोयीचं लिहिलं तर ती तपासणी राहत नाही. पुढच्या गणपतीत ताईंनी मोदकांचा निम्मा अॅडव्हान्स आधी घेतला. ‘धंदा जमत नाही’ हे वाक्य त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

हे माझ्या पदरचं नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्येच मांडलंय की ‘मला जमेल’ हा विश्वास सगळ्यात जास्त स्वतः करून दाखवलेल्या कामातून येतो, आपल्यासारख्या दुसऱ्या माणसाला जमलेलं बघूनही येतो, पण नुसत्या समजावण्याने येणारा कच्चा असतो. आणि २००९ च्या एका अभ्यासात तर आधीच स्वतःला कमी लेखणाऱ्यांना स्वतःबद्दलचं छान वाक्य घोकून उलट जास्त वाईट वाटलं होतं. आतून पटत नसलेलं वाक्य घोकलं की मन लगेच ‘खोटं आहे हे’ म्हणतं. म्हणून माझ्याकडे चिठ्ठ्या नाहीत, वही आहे. डावीकडे ‘काय होईल असं वाटतं’, उजवीकडे ‘खरं काय झालं’.

दुसरी चूक, प्रत्येक अडचणीला ‘लिमिटिंग बिलीफ’, म्हणजे स्वतःला अडवणारी समजूत, म्हणणं. ऐरोलीच्या आयटी पार्कातला मुलगा म्हणतो प्रेझेंटेशन जमत नाही, पण त्याने आयुष्यात कधी केलेलंच नसतं, त्याला सराव हवाय, बालपण उकरायची गरज नाही. आणि साहेब मुद्दाम रजा अडवत असेल तर तो साहेबाचा प्रश्न आहे, तुमच्या मनाचा नाही. असल्या गोष्टी माणसाच्या माथी मारणारे कोच बघितले की मला मनापासून राग येतो.

‘मॅडम, तीन सेशनमध्ये होईल ना?’ वीस वर्षं घट्ट बसलेली समजूत आहे, थोडा दम धरा. होमवर्क न करता पुढचं सेशन घेऊ नका, मी तर तारीख पुढे ढकलते. नवऱ्याला किंवा आईला सेशनला सोबत बसवू नका, त्यांच्यासमोर तुम्ही त्यांना पटेल तेच बोलता.

कोच निवडताना इन्स्टाचे फॉलोअर्स बघू नका. आपल्याकडे कोचची पाटी लावायला कसलंही लायसन्स लागत नाही. आयसीएफ या कोचेसच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं सर्टिफिकेट आहे का विचारा, त्यातल्या पहिल्या पायरीला, एसीसीला, निदान ६० तासांचं ट्रेनिंग आणि १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. तेवढ्यावर माणूस चांगलाच निघेल असं नाही, पण दोन दिवसांत कोच झालेले तरी गळतात.

आणि झोप उडालीय, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतंय, तर कोचकडे येऊच नका, माझ्याकडेसुद्धा नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएचसारखी संस्था आहे, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आधी तिकडे जा. कोचिंग नंतरही करता येतं.