माऊस-कीबोर्ड सोडून डिझाईन करताय? मग या चुका टाळा

एका बाजार समितीसाठी आम्ही टच किऑस्क, म्हणजे स्क्रीनला बोट लावून चालवायचं उभं मशीन, बनवला होता. शेतकऱ्याने यायचं, स्क्रीनवर माल निवडायचा, वजन बोलून सांगायचं, पावती घ्यायची. ऑफिसात सगळं झकास चाललं. तिथे नेऊन उभा केला आणि पहिल्याच सकाळी एक मावशी हात धुऊन तशाच ओल्या हाताने आल्या, बोट एकीकडे आणि बटण भलतंच दाबलं जातंय, मग पदराला हात पुसून परत दाबलं तर काहीच होईना, शेवटी त्यांनी नखाने दाबलं, आपण कॅलक्युलेटरवर दाबतो तसं. नखाला ती स्क्रीन ओळखतच नाही. त्या म्हणाल्या, "बाळा, माझं काय चुकतंय रे?" त्यांचं काहीच चुकत नव्हतं, चुकलो आम्ही होतो.

झालं काय होतं, तर आजकालची टच स्क्रीन बोटाच्या दाबावर नाही, कातडीतून होणाऱ्या विजेच्या बारीक फरकावर चालते. पाण्याच्या थेंबालाही ती बोट समजते, आणि काम करून घट्टे पडलेलं कोरडं बोट असेल तर तिला नीट कळतच नाही. उपाय साधा आहे, जी दोन-तीन बटणं सगळ्यात जास्त लागतात (हो, नाही, मागे) ती खरीखुरी दाबायची बटणं ठेवा. टच स्क्रीन आहे म्हणून सगळं तिच्यावरच हवं असं कुठे आहे?

अमेरिकन इंजिनिअर डग्लस एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत माऊस पहिल्यांदा लोकांसमोर चालवून दाखवला, आणि तेव्हापासून आपण धरून चाललोय की माणूस खुर्चीत बसलाय, कोपर टेबलावर टेकलंय, हात कोरडा आहे आणि लक्ष पूर्ण स्क्रीनवर आहे. टेबल गेलं की यातलं काहीच उरत नाही, पण डिझाईन तेच राहतं, बहुतेक चुका इथूनच येतात.

उदाहरणार्थ होव्हर. माऊस नुसता वर नेला की माहिती दिसते, ही सोय बोटाला नाही. बोट स्क्रीनवर असतं नाहीतर नसतं, आणि असतं तेव्हा खालचं झाकतं. म्हणून मदतीची ओळ होव्हरमध्ये लपवू नका आणि बटणाचं नाव बटणाच्या वर लिहा, खाली नको. ॲपल बटणाला कमीत कमी ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइड ४८ डीपी (दोन्ही स्क्रीनवरची मापं) म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, पण ते हातातल्या फोनसाठी. उभ्याने वापरायच्या मशीनला मी तरी २ सेंटीमीटरच्या खाली जात नाही.

दुसरं, स्क्रीनला हात न लावता मशीन चालवायचे हवेतले हातवारे. डेमोत खूप भारी दिसतं म्हणून क्लायंट हमखास मागतो. भिंतीला चुना मारताना दोन मिनिटांत खांदा कसा भरून येतो ते आठवा, या दुखण्याला आमच्या क्षेत्रात गोरिला आर्म म्हणतात. २०१० मध्ये आलेल्या किनेक्टच्या (हातवारे ओळखणारा मायक्रोसॉफ्टचा गेमचा कॅमेरा) मेन्यूत काही निवडायचं तर हात हवेत तसाच धरून थांबावं लागायचं. खेळताना मजा यायची पण यादीतून नाव शोधायला ही पद्धत चुकीचीच. खूण छोटी ठेवा, कोपर अंगाशी राहील अशी.

आणि खूण मुद्दामची आहे की सहज झालेली, हे मशीनला कसं कळणार? संशोधक रॉबर्ट जेकब यांनी १९९० मध्ये नजरेने कॉम्प्युटर चालवण्याच्या बाबतीत हेच मांडलं. नजर जाईल ते बटण दाबलं गेलं असं धरलं तर मिडास राजासारखं होतं, हात लागेल ते सोनं, जेवायची पंचाईत. २०२४ च्या ॲपल व्हिजन प्रोमध्ये (डोळ्यांवर चढवायचा कॉम्प्युटर) म्हणूनच डोळ्याने फक्त बघायचं आणि निवडायला दोन बोटांची चिमूट करायची. बघणं वेगळं, करणं वेगळं. नाक खाजवलं तरी पान उलटत असेल तर तुमच्याकडे हाच घोळ आहे.

फीडबॅकचं तर आपल्याकडे उत्तम उदाहरण आहे, ईव्हीएम. निळं बटण दाबलं की नावासमोर लाल दिवा लागतो, लांब बीप येतो, व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी ७ सेकंद दिसते. डोळा, कान, कागद, तिन्हीकडून कळतं. तसाच यूपीआयचा साउंडबॉक्स, वडापाववाल्याचे हात पिठात असतात तरी पैसे आले हे त्याला कळतं. तुमच्या मशीनला क्लिकचा आवाज नाही, मग माणसाला कळणार कसं? ते आधी ठरवा.

आता आवाज, इथे आमची सगळ्यात जास्त फजिती झाली. एक काका म्हणाले "पावणेतीन क्विंटल", मशीनने लिहिलं तीन. २५ किलोचा फरक! आपण मराठीत दीड, अडीच, सव्वाशे, पावणेदोनशे, साडेतीन असंच बोलतो, दोन पूर्णांक पंच्याहत्तर कोण म्हणतं? हे शब्द मशीनच्या शब्दांच्या यादीत स्वतः घाला आणि आकडा दुसऱ्या रूपात परत वाचून दाखवा, "दोन क्विंटल पंच्याहत्तर किलो, बरोबर?" उत्तराला फक्त "हो" धरू नका, "हां", "व्हय", "बरोबर" सगळं घ्या. दोनदा नाही कळलं तर तिसऱ्यांदा विचारूच नका, सरळ आकड्यांची बटणं दाखवा. मोबाईल नंबर किंवा पिन रांगेसमोर मोठ्याने बोलायला लावणं तर अजिबात नको.

खरं तर आवाज एकटा नकोच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात रिचर्ड बोल्ट यांनी १९८० मध्येच बोट दाखवणं आणि बोलणं एकत्र करून दाखवलं होतं. आम्हीही शेवटी तेच केलं, कांदा बोटाने निवडायचा, वजन तोंडाने सांगायचं, आणि गोंधळ बराच कमी झाला.

टेस्टिंग तिथेच करा, लिलाव चालू असताना, उन्हाची तिरीप स्क्रीनवर असताना. आणि शेजारी उभं राहून "इथे दाबा" सांगू नका. पहिली दहा माणसं होईपर्यंत मी आता तोंड उघडत नाही, बोट आधी कुठे गेलं तेवढं वहीत लिहितो.